नवा १० मीटर रेडिओ आला, आता तपासायचा कसा?

महिना झाला, घरात नवा रेडिओ आलाय, सीबी आणि १० मीटर दोन्हीवर चालणारा, गाडीच्या डॅशबोर्डखाली बसेल एवढा. आल्यापासून जो तो एकच विचारतोय, किती वॅटचा आहे? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटचा.

सीबी म्हणजे सिटिझन बँड, २७ मेगाहर्ट्झच्या आसपास. आपल्या देशात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्या पट्ट्यात ५ वॅटपर्यंत लायसन्स लागत नाही. त्याच्या जरा वर, २८ ते २९.७, हा हॅम लोकांचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा, १० मीटर बँड, तिथं मात्र परीक्षा देऊन लायसन्स काढावंच लागतं. दोन्ही बँड शेजारी शेजारी, म्हणून एकच डबा दोन्हीकडं चालतो.

आता वॅटचं बघा. रेडिओवर एस मीटर असतो, म्हणजे येणाऱ्या सिग्नलचा जोर दाखवणारा काटा, त्याचं एक घर वाढायचं तर पॉवर चौपट लागते, म्हणजे ४ वॅटचे १६ केले तरी ऐकणाऱ्याचा काटा फक्त एक घर पुढं जातो. उलट अँटेना नीट जुळली नसेल आणि एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय ते सांगणारा आकडा, १ म्हणजे उत्तम) ३ येत असेल तर पाव पॉवर परत फिरते, तोच १.५ वर आणला की परत येणारी फक्त ४ टक्के. शिवाय गच्चीवरून खाली आणलेली २० मीटर पातळ आरजी-५८ अँटेना केबल, ती अजून पाव हिस्सा वाटेतच खाते. म्हणून मी पहिल्या दिवशीच ठरवलं, अँटेना तीच, केबल तीच, १३.८ व्होल्टची सप्लाय तीच, बदलायचा तो फक्त रेडिओ. जुना आणि नवा दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले आणि मध्ये एक स्विच लावला.

आणि खरी परीक्षा बोलण्याची नाही, ऐकण्याची. आमच्या सोलापुरातल्या गल्लीत पॉवरलूम आहेत, त्यात प्रत्येक घरात एलईडी बल्ब, मोबाईल चार्जर, इन्व्हर्टर, या सगळ्यांचा कचरा २८ मेगाहर्ट्झवर येऊन पडतो. दुपारी काटा एस ७ वर नुसत्या खरखरीनंच बसलेला असतो. मागच्या आठवड्यात ऐन दुपारी लाईट गेली, लूमचा खडखडाट थांबला, मी रेडिओ बॅटरीवर घेतला आणि काटा एस ७ वरून सरळ एस २ वर आला! जी कुजबूज आधी खरखरीत बुडालेली होती ती स्वच्छ ऐकू यायला लागली. तेव्हा रेडिओला नावं ठेवायच्या आधी घरचा मेन स्विच पाडून, रेडिओ बॅटरीवर घेऊन बघा, खरखर घरातल्या वस्तूंची आहे का ते लगेच कळतं. जे उरतं त्यात नवा रेडिओ जुन्यापेक्षा किती जास्त उकलून देतो ते महत्त्वाचं.

त्यासाठी जगभरच्या हॅम लोकांनी एक सुंदर सोय करून ठेवलीय. २८.२०० मेगाहर्ट्झवर वेगवेगळ्या ठिकाणचे १८ बीकन, म्हणजे आपोआप खुणेचा सिग्नल सोडणारी केंद्रं, आळीपाळीनं वाजतात, प्रत्येकाला १० सेकंद, ३ मिनिटांत सगळी फेरी पूर्ण. आधी मोर्समध्ये कॉल साईन, म्हणजे केंद्राचं सांकेतिक नाव, आणि मग चार लांब डॅश, पहिला १०० वॅटचा, दुसरा १०, तिसरा १ आणि चौथा फक्त ०.१ वॅट. म्हणजे आकाशात टांगलेली मोजपट्टीच की! रेडिओ एएम मोडवर ठेवलात तर हे नीट ऐकू येणार नाही, साईडबँड मोडवर ठेवा. श्रीलंकेचा ४एस७बी लागला तेव्हा जुन्या रेडिओवर मला दोन डॅश ऐकू येत होते, पुढच्या फेरीला स्विच नव्यावर टाकला तर तिसराही आला, बारीक पण आला. परत जुना, परत नवा, असं सहा फेऱ्या केल्या, कारण आकाश मिनिटामिनिटाला बदलतं आणि एका फेरीवर विश्वास ठेवता येत नाही.

हे मुद्दाम सांगतोय. १० मीटरवर लांबचं येणं-न येणं बरंचसं सूर्यावर असतं. सूर्याच्या डागांचं चक्र साधारण ११ वर्षांचं, ताजा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये येऊन गेला, अशा काळात वातावरणातला वरचा, रेडिओ लहरी परत खाली वळवणारा आयनांचा थर एवढा दाट होतो की थोड्या वॅटवरसुद्धा हजारो किलोमीटर आवाज जातो. मग माणूस म्हणतो, काय भारी रेडिओ! श्रेय सूर्याचं असतं. शेजारी जुना रेडिओ ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

आवाजासाठी होटगी रोडच्या मित्राला कामाला लावलं. कुठला रेडिओ चालू आहे ते त्याला सांगायचं नाही, फक्त "एक" आणि "दोन" म्हणायचं. तो म्हणाला, "दोन मोकळा वाटतोय रे, पण जोरात बोललास की फाटतोय." दोन म्हणजे नवा. माईक गेन, म्हणजे माईकचा आवाज वाढवणारं बटण, थोडा कमी केला, माईक तोंडापासून चार बोटं लांब धरला, फाटणं गेलं.

एक गोष्ट अजून बाकी आहे, उन्हाची. रेडिओ तापला की त्याची फ्रिक्वेन्सी सरकते. २८ मेगाहर्ट्झवर दहा लाखात ५ एवढा जरी फरक पडला तरी १४० हर्ट्झ सरकतात आणि साईडबँडवर माणसाचा आवाज ओळखू येईनासा होतो. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत काय तापतं ते सांगायला नको. डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा, पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून अर्धा तास थांबत थांबत बोललो, मित्राला लोड लावूनच दुसऱ्या रेडिओवर शेजारच्या खोलीत बसवला, पहिल्या दहा मिनिटांत त्याला एकदा क्लॅरिफायर, म्हणजे फ्रिक्वेन्सी बारीक जुळवायचं बटण, हलवावा लागला, नंतर नाही. आता हीच टेस्ट दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात उभी करून, खिडक्या लावून करायचीय.