हाडांच्या औषधाचा कर्करोगपेशींवर थेट परिणाम: एका प्रश्नाची पार्श्वभूमी

कर्करोग हाडांपर्यंत पोहोचला की ठरावीक अंतराने सलाइनमधून झोलेड्रॉनिक ॲसिड दिले जाते. सोलापूर-बार्शीकडचे नातेवाईक त्याला ‘हाडांचे इंजेक्शन’ म्हणतात आणि त्याने गाठही कमी होईल का, असे हमखास विचारतात. हा प्रश्न भाबडा मुळीच नाही. संशोधकांनीही तो कित्येक वर्षे लावून धरला आहे.

या औषधांचा गट बिस्फॉस्फोनेट्सचा. ही संयुगे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात होती आणि पाण्यातील कॅल्शियमचे क्षार साचू नयेत म्हणून कापड, खत व तेल उद्योगांत वापरली जात. जड पाण्याने बॉयलरमध्ये धरणारा थर सोलापूरच्या गिरणीत उमेदवारी केलेल्यांना वेगळा सांगायला नको. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे संशोधक हर्बर्ट फ्लाइश यांनी १९६०च्या दशकात पायरोफॉस्फेट या शरीरातील नैसर्गिक क्षाररोधकाचा अभ्यास करताना या संयुगांकडे लक्ष वळवले, आणि १९६९ मध्ये ती हाडांची झीजही रोखतात हे प्रसिद्ध झाले. हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी ती निकामी करतात. १९९६ मध्ये मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) आणि स्तनकर्करोगाच्या रुग्णांत पॅमिड्रोनेट या बिस्फॉस्फोनेटने हाडे मोडण्यासारखे प्रसंग कमी होतात हे सिद्ध झाले, तरी तोवर हे औषध हाडांचेच मानले जात होते.

कर्करोगपेशींवरील थेट परिणामाची शंका बळावली ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस. नायट्रोजनयुक्त बिस्फॉस्फोनेट्स (झोलेड्रॉनिक ॲसिड त्यांतलेच) फार्नेसिल पायरोफॉस्फेट सिंथेज हे विकर रोखतात, असे तेव्हा उलगडले. हे विकर कोलेस्टेरॉल घडवणाऱ्या मार्गातलेच. ते थांबले की पेशीतील अनेक संदेशवाहक प्रथिने आपल्या जागी बसू शकत नाहीत. हा मार्ग कर्करोगपेशीतही असतो, त्यामुळे प्रयोगशाळेतील बशीत झोलेड्रॉनिक ॲसिड टाकल्यावर स्तन, प्रोस्टेट व मायलोमाच्या पेशी मरू लागल्या यात नवल नव्हते. पण माझ्या मते खरी अडचण मात्रेत आहे. अशा अनेक प्रयोगांत १० ते १०० मायक्रोमोलर इतकी तीव्रता वापरली गेली, तर रुग्णाच्या रक्तात इंजेक्शननंतर ती जेमतेम १ मायक्रोमोलरच्या आसपास जाते आणि २४ तासांत त्याच्या एक टक्क्याहून खाली येते. उरलेले औषध हाडाला चिकटते किंवा लघवीवाटे निघून जाते. हाडाबाहेरच्या गाठीला ते पुरेसे भेटणार कसे?

इंग्रज शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये बी आणि जमीन असा दृष्टान्त दिला होता: कर्करोगाचे बी सर्वत्र उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. मंगळवेढ्याची ज्वारी तिथल्या काळ्या रानातच का साधते हे जाणणाऱ्यांना तो चटकन उमगेल. हाड पोखरले जाताना त्यातून वाढीचे घटक सुटतात आणि बी पोसले जाते. औषध ही जमीनच बदलते.

रुग्णांवरील चाचण्यांचा कौलही बराचसा जमिनीच्या बाजूने पडला. २००९ मध्ये सुरुवातीच्या टप्प्यातील स्तनकर्करोग झालेल्या ऑस्ट्रियातील १,८०३ स्त्रियांच्या चाचणीत झोलेड्रॉनिक ॲसिडने आजार उलटण्याचा धोका ३६ टक्क्यांनी घटला, पण त्यांची पाळी औषधाने थांबवलेली होती. २०११ मध्ये ‘अझूर’ या स्तनकर्करोगाच्याच ३,३६० स्त्रियांच्या चाचणीत एकूण फायदा दिसला नाही. दिसला तो पाळी जाऊन पाच वर्षे उलटलेल्यांत. पुढे २०१५ मध्ये १८,७६६ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात, पाळी गेलेल्यांमध्ये हाडातील पुनरुद्भव २८ आणि स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी आढळले. पाळी गेली की हाडांची झीज वाढते, म्हणजे जमीनच बदलते; औषध थेट गाठीलाच मारत असते, तर पाळीवर एवढे अवलंबून राहिले नसते असे मला वाटते. मायलोमात मात्र २०१० मध्ये झोलेड्रॉनिक ॲसिडने क्लोड्रोनेट या नायट्रोजन नसलेल्या बिस्फॉस्फोनेटच्या तुलनेत मृत्यूचे प्रमाण १६ टक्क्यांनी घटले, आणि हा फायदा केवळ हाडे वाचल्यामुळे झाल्याचे दिसत नव्हते.

त्याच २०१५ साली जिवंत उंदरांच्या गाठींत सूक्ष्मदर्शकाने पाहिले असता औषध रक्तवाहिन्यांतून झिरपून गाठीतील कॅल्शियमच्या बारीक कणांना चिकटताना दिसले, आणि ते कण गिळणाऱ्या पेशी कर्करोगाच्या नव्हत्या, तर गाठीत वस्ती केलेल्या मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी होत्या.