पीटीच्या तासाला ‘सावधान’ कुठून आलं?

आठवी-नववीचा पीटीचा तास आठवून बघा. ऊन डोक्यावर, पोरं नुकतीच डबा खाऊन उठलेली. सावधान, विश्राम, पुन्हा सावधान. उंचीप्रमाणे रांगा, एक हात अंतर, मग एक ते आठ आकड्यांवर हात वर, बाजूला, खाली. पस्तीस मिनिटांतली निम्मी यातच संपतात. उरलेल्या वेळात मुलांकडे एक चेंडू फेकला जातो आणि मुली कडुलिंबाखाली गप्पा मारत बसतात. आपल्याकडे व्यायामाची एवढी जुनी परंपरा असताना शाळेच्या वाट्याला नेमकं हेच कसं आलं?

‘कवायत’ हा शब्द मूळचा अरबी. आपण ज्याला कायदा म्हणतो त्याचंच तिकडचं अनेकवचन, म्हणजे नियम. तालमीत हा शब्द ऐकू यायचं कारणच नव्हतं. तिथे लाल माती, मारुतीची तसबीर आणि वस्ताद. वस्ताद एकेकाची कुवत बघून जोर वाढवायचा, एकेकाला वेगळा डाव सांगायचा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांबाला पुन्हा उभं करणारे बाळंभटदादा देवधर याच मुशीतले. तालमीत ‘आठवी ब’ नसते. पोरगं तयार झालं की पुढे जातं, नाही झालं तर तिथेच घाम गाळतं.

इंग्रजी अमदानीतल्या शाळेत मात्र वर्ग होता, घंटा होती आणि एका मास्तरासमोर ढीगभर मुलं होती. १८८२ च्या हंटर शिक्षण आयोगाने मुलांच्या शारीरिक वाढीसाठी देशी खेळ, जिम्नॅस्टिक आणि कवायत यांना उत्तेजन द्यावं असं सुचवलं. या क्रमात देशी खेळ पहिले होते, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. शाळेत आधी रुजली ती कवायत. फौजेतून निवृत्त झालेला माणूस सहज मिळायचा, त्याला नवं काही शिकवावं लागत नव्हतं, आणि एका आरोळीत तो अख्खी शाळा हलवायचा. मराठीत ‘ड्रिलमास्तर’ हा शब्द तेव्हापासूनचा.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला जोरदार उत्तर मिळालं, पण ते शाळेबाहेरून. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. या मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पुण्यात १९२४ मध्ये शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळ उभं केलं. त्याच सुमारास गल्लीतल्या खो-खो आणि हुतूतूला लेखी नियम मिळत होते. शारीरिक शिक्षणाच्या या सगळ्या कहाणीत मला हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. खो-खोला लागतं काय? दोन खांब आणि फक्कीच्या रेघा. आठ जण पाटीवर आळीपाळीने उलट्या दिशांना तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. त्याला मागे वळता येत नाही, म्हणून कुणाला आणि नेमका कधी ‘खो’ द्यायचा हे त्याला पळता पळता ठरवावं लागतं. तेरा वर्षांच्या पोराला इथे कुणी आकडे मोजून हलवत नाही.

औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार आणले. लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद स्वतः बडोद्याच्या प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले. पुढे मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणाची घडी बसवायला घेतली तेव्हा त्यांचा सल्ला महत्त्वाचा ठरला. १९३८ मध्ये कांदिवलीला या विषयाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. मद्रासला वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेने हे काम १९२० मध्येच सुरू केलं होतं. आता ड्रिलमास्तराच्या जागी शिकलेला ‘पीटीचा सर’ येणार होता.

तो आला, पण वर्गातली मुलं तेवढीच राहिली. त्यामुळे शाळेत जे जे आलं त्याची कवायत होत गेली. योगासनंसुद्धा सुटली नाहीत. कुवलयानंदांच्या पुस्तकाचं नावच ‘यौगिक संघ व्यायाम’: आसनं, पण सगळ्यांनी मिळून, हुकमावर. लेझीमचं उदाहरण तर डोळ्यांपुढे आहे. फारसीत ‘लेजम’ म्हणजे तिरंदाजीच्या सरावाचं धनुष्य, दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेलं. दंडात ताकद येण्यासाठी ते ताणायचं. आमच्या शाळेत लेझीम जिन्याखालच्या खोलीत सुतळीने बांधून ठेवलेली असे. चकत्या गंजलेल्या, साखळ्या एकमेकींत अडकलेल्या. जानेवारी लागला की ती बाहेर निघे, सव्वीस तारखेला पाहुण्यांसमोर वाजे आणि पुन्हा जिन्याखाली जाई.

स्वातंत्र्यानंतर कवायतीला वेगळंच बळ मिळालं. आझाद हिंद फौजेतले जगन्नाथराव भोसले, आपल्या सावंतवाडीकडचे, केंद्रात पुनर्वसन खात्यात असताना त्यांनी १९५४ मध्ये दिल्लीच्या निर्वासितांच्या कस्तुरबा निकेतनात राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. फाळणीत उन्मळून पडलेल्या मुलांना रांगेत उभं राहण्याचा आधार वाटला असेल, त्यात नवल नाही. पुढे योजना देशभर पसरली. आझाद हिंद फौजेत हुकूम हिंदुस्थानीत असत. मराठी शाळांच्या मैदानावर ‘दाहिने मूड’, ‘तेज चल’ घुमतं, त्यात या योजनेचाही वाटा असावा, असा माझा तर्क.

एसीसी (शाळकरी मुलांची सहाय्यक छात्रसेना), शिस्त योजना, शारीरिक शिक्षण असे तीन-तीन संसार एकाच मैदानावर मांडलेले पाहून, या योजनांचा आढावा घेणाऱ्या कुंझरू समितीने ते एकत्र करायला सांगितलं आणि १९६५ मध्ये ‘नॅशनल फिटनेस कोअर’ ही एकत्रित योजना आली. कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४-६६) तर दुखण्यावरच बोट ठेवलं: सरकारी योजना फक्त शरीराच्या तंदुरुस्तीकडे बघतात, शारीरिक शिक्षणातल्या ‘शिक्षणा’कडे त्यांचं लक्ष नाही.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेला मैदान हवं असं म्हटलं. सहावी ते आठवीसाठी, पटावर शंभरहून जास्त मुलं असतील तर, आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक द्यायला सांगितलं. अर्धवेळ, हा शब्द कायद्यातलाच. आणि कायदा चौदाव्या वर्षापर्यंतचा, त्यामुळे नववीच्या दारातच तो संपतो. माझ्या नववीत दिवाळीनंतर पीटीचे दोन्ही तास बीजगणिताने घेतले. प्रगतिपुस्तकात शारीरिक शिक्षणासमोर वर्गातल्या झाडून सगळ्यांना ‘अ’ होता. पाय प्लास्टरमध्ये घालून वर्षाचा उत्तरार्ध घरी काढलेल्या माझ्या बाकावरच्या मित्रालासुद्धा.