संशोधनातील विद्यार्थी-मार्गदर्शन

विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाचे काम शिकवण्याची पद्धत. कागदोपत्री मार्गदर्शक प्राध्यापकच असतात, पण नवख्या विद्यार्थ्याची रोजची गाठ पडते ती लॅबमधल्या सिनिअरशी. मराठी मुलांच्या तोंडी तो ‘दादा’ किंवा ‘ताई’ असतो, तर प्राध्यापक ‘सर’ किंवा ‘मॅडम’. सरांना विचारायला संकोच वाटणारे प्रश्न दादा-ताईंना बिनदिक्कत विचारता येतात, आणि या पद्धतीचे निम्मे बळ त्यातच आहे.

जीवशास्त्राच्या लॅबमध्ये सुरुवात बहुधा मायक्रोपिपेटपासून, म्हणजे थेंबाहून कमी द्रव अचूक मोजणाऱ्या उपकरणापासून होते. आधी नुसते पाणी मोजायचे. मग डीएनएचे तुकडे वेगळे करणारे अगॅरोजचे जेल ओतायचे, ते थिजल्यावर त्यात खाचा पाडणारा कंगवा सरळ वर काढायचा आणि बफर नावाच्या क्षारद्रावणाखाली जेमतेम दिसणाऱ्या खाचेत डीएनएचा नमुना सोडायचा. टोक जरा खोल गेले की जेल फाटते; टोक बाहेर काढण्याआधी बटणावरचा अंगठा सैल पडला, तर नमुना पुन्हा वर ओढला जातो. हे सगळे पुस्तकात लिहिलेले असते, पण शेजारी उभे राहून कोणी दाखवल्याशिवाय हाताला वळण लागत नाही. त्याहून मोलाच्या सवयीही इथेच लागतात: प्रत्येक वेळी कंट्रोल (तुलनेसाठीचा, निकाल आधीच ठाऊक असलेला नमुना) लावणे, फसलेला प्रयोगसुद्धा तारखेसह नोंदवहीत लिहिणे, चुकलेला आकडा गिरवून न टाकता एक रेघ मारून बाजूला नवा लिहिणे. सिनिअर स्वतः याच अडचणींतून नुकताच गेलेला असतो, त्यामुळे नवखा नेमका कुठे अडणार हे त्याला आधीच कळते.

सर्वांत अवघड काम म्हणजे प्रश्न निवडणे. स्वतःच्या प्रबंधातून दोन महिन्यांत आवाक्यात येईल, पण ज्याचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही, असा छोटा तुकडा काढून द्यावा लागतो. तो फार सोपा असेल तर मुलगा नुसत्या बाटल्या धूत राहतो. फार मोठा असेल तर रिकाम्या हाताने परततो.

या पद्धतीला संस्थात्मक रूप देण्यात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा मोठा वाटा आहे. पोलरॉइडचे संस्थापक एडविन लँड यांच्या विचारांतून प्रेरणा घेऊन मार्गारेट मॅकव्हिकर यांनी तेथे १९६९ साली पदवी विद्यार्थ्यांसाठी संशोधनाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थी त्यात श्रेयांक किंवा मानधन घेऊन काम करतात.

भारतात पदवीचे शिक्षण महाविद्यालयांत आणि संशोधन मुख्यतः वेगळ्या संस्थांत, अशी फारकत दीर्घकाळ राहिली. बी.एस्सी.च्या मुलाला पीएच.डी. करणारा माणूस भेटायचाच नाही. ही दरी आधी उन्हाळी व अशाच इतर योजनांनी थोडी बुजवली: बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज येथील तीन विज्ञान अकादमींची संयुक्त फेलोशिप, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा उन्हाळी कार्यक्रम, मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४ मध्ये सुरू केलेला पदवी विज्ञानाचा राष्ट्रीय उपक्रम. २००६ मध्ये पुण्यात पाषाणला आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) आली आणि पदवीचे व पीएच.डी.चे विद्यार्थी एकाच छताखाली आले. तेथील बीएस-एमएस या पदवी व पदव्युत्तर जोड अभ्यासक्रमाचे पाचवे वर्ष संशोधन प्रकल्पाचे असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आलेल्या चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के वा अधिक गुण मिळवणाऱ्यांना चौथे वर्ष संशोधनासाठी निवडता येते. मात्र बऱ्याच संलग्न महाविद्यालयांत प्राध्यापक आहेत, पण पीएच.डी. करणाऱ्यांचा गट नाही. मग चाळीस मुलांना शिकवणाऱ्या त्याच प्राध्यापकाला पिपेट धरण्यापासून सगळे एकट्याने पाहावे लागते. जवळच्या विद्यापीठ विभागाशी किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेशी पक्की व्यवस्था केल्याखेरीज हे वर्ष नावापुरते उरण्याचा धोका आहे.

मार्गदर्शन करणाऱ्याचे काम फारसे कुठे मोजले जात नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे पीएच.डी. विनियम शोधछात्राला आठवड्याला ४ ते ६ तास ट्युटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाचे काम देण्याची मुभा देतात. एखाद्या ज्युनिअरला वर्षभर घडवण्यात गेलेले तास या चौकटीत सहज बसत नाहीत. ते प्रबंधाच्या वेळातून जातात.

श्रेयाचा प्रश्न उलट दिशेनेही येतो. पदवीच्या विद्यार्थ्याच्या मोजमापांवर शोधनिबंध उभा राहिला, तर त्याचे नाव लेखकांत घ्यायचे की आभारात, हे काम सुरू होतानाच ठरलेले बरे. नुसती मदत केली तर आभार पुरतात. रचनेत किंवा विश्लेषणात भर घातली आणि लिखाणातही सहभाग असला, तर तो लेखक ठरतो. प्राध्यापकांनी हे दोघांना समोर बसवून सांगावे, कारण पहिल्यांदाच लॅबमध्ये आलेला मुलगा हा विषय स्वतःहून काढत नाही.