एलएस म्हणतो १६ बाइट, डीयू म्हणतो ४ केबी: खरं कोण?

दोघेही खरं बोलतात, फक्त दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. एलएस म्हणजे फाइलींची यादी दाखवणारी आणि डीयू म्हणजे डिस्कवरची जागा मोजणारी, लिनक्सच्या टर्मिनलमध्ये टाइप करायची कमांड. या दोन्ही कमांड १९७१ सालच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या पहिल्या मॅन्युअलपासून आहेत, तरी आजही डिस्क भरली की गोंधळ होतो तो यांच्याच आकड्यांवरून.

एका रिकाम्या फोल्डरमध्ये करून बघा. एको कमांडने 'मराठी' हा शब्द एका फाइलमध्ये टाका आणि एलएस -एल चालवा. साइज दिसेल १६. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट, आणि ओळ संपल्याची खूण १. आता त्याच फाइलवर डीयू -एच चालवा. एक्स्ट४ फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची लिनक्समधली पद्धत) असेल तर सहसा ४ केबी दिसेल, कारण ती जागा ४०९६ बाइटच्या ब्लॉकने देते. मजकूर सोळा बाइटचा असला तरी अख्खा ब्लॉक अडतो.

एलएसच्या रकान्यात असते फाइलची लांबी, आणि डीयू सांगतो तिने डिस्कवर अडवलेली जागा.

एका फाइलपुरता हा फरक किरकोळ वाटतो. पण कॅशच्या फोल्डरमध्ये प्रत्येकी २०० बाइटच्या ५ लाख फाइली साचल्या, तर त्यांच्या लांबीची बेरीज १०० एमबी होते आणि डिस्कवरून जागा जाते ती सुमारे २ जीबी. एलएसने मोठ्या फाइली शोधत बसलात तर या कधीच नजरेस पडणार नाहीत. शिवाय एलएस -एल फोल्डरसमोर जे ४०९६ दाखवतो, ते आतल्या मालाचं वजन नव्हे. ती फक्त फोल्डरच्या स्वतःच्या नोंदवहीची साइज. आतलं सगळं मोजायला डीयू -एसएच लागतो.

उलटंही घडतं, आणि तिथे नुकसान जास्त होतं. ट्रंकेट -एस १०जी अशी कमांड देऊन फाइल बनवा. एलएस -एलएच १० जीबी दाखवेल, डीयू -एच शून्य. अशा फाइलला स्पार्स म्हणतात: लांबी नोंदलेली असते, पण लिहिलं काहीच नसल्यामुळे ब्लॉक दिलेले नसतात. व्हर्च्युअल मशीनच्या, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेल्या संगणकाच्या, डिस्क बऱ्याचदा अशाच असतात. एका ठिकाणी सर्व्हरची डिस्क भरली होती, तेव्हा मीच एलएसच्या यादीत ४० जीबीची अशी एक फाइल बघून ती उडवायला निघालो होतो. सोबतच्याने आधी डीयू मारून बघायला लावलं. ती फाइल जेमतेम ३ जीबी अडवत होती, आणि त्यात चालू काम होतं. तेव्हापासून डीयू बघितल्याशिवाय मी काहीही डिलीट करत नाही, आणि तुम्हीही करू नका. अशी फाइल आरसिंकने (फाइली दुसरीकडे कॉपी करायची कमांड) हलवायची असेल तर कॅपिटल एस हा ऑप्शन द्या, नाहीतर पलीकडे ती पूर्ण फुगून उतरते.

हार्ड लिंकचं थोडक्यात: एकाच फाइलला दोन नावं असतील तर एलएस दोन्ही नावांसमोर पूर्ण साइज दाखवतो. डीयू एका फेरीत ती एकदाच मोजतो. एलएस -एलमध्ये परवानग्यांच्या लगेच पुढचा आकडा बघा, फाइलला किती नावं आहेत ते तिथे कळतं.

एक गोष्ट मात्र फार कमी जणांच्या लक्षात येते. एलएस -एलच्या अगदी वर 'टोटल' म्हणून जी ओळ येते ती लांबीची बेरीज नसते. ती अडलेल्या जागेची असते, लिनक्सवर सहसा केबीमध्ये. आपल्या 'मराठी'च्या फोल्डरमध्ये तिथे ४ दिसेल, खाली मात्र १६. दोन्ही आकडे प्रत्येक फाइलसाठी शेजारी-शेजारी हवे असतील तर एलएस -एलएसएच टाइप करा, तिन्ही अक्षरं स्मॉल. पहिल्या रकान्यात जागा येते, आणि तारखेच्या आधीच्या रकान्यात लांबी.