विरघळणारी प्लेट: आधी घाई, मग दिरंगाई

घरात कुणाला प्लेट टाकली की पुढचा प्रश्न ठरलेला: काढायची कधी? चेहऱ्यातली टायटॅनियमची प्लेट सहसा काढावी लागत नाही. पण ती कातडीखाली बोटाला लागते, काहींना थंडीत ठणकते. लहान मुलांचं तर आणखी अवघड. कवटी वाढते आणि वरून बसवलेली प्लेट हळूहळू आत सरकते. म्हणून हाड जुळेपर्यंत टिकावं आणि मग आपणहून नाहीसं व्हावं, असं काहीतरी हवं होतं.

ही शोधाशोध शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ च्या सुमारास बेल्जियमच्या लांबॉत या शल्यचिकित्सकाने पायाच्या मोडलेल्या हाडावर मॅग्नेशियमची पट्टी पोलादी खिळ्यांनी ठोकून बसवली. दोन वेगळे धातू आणि मध्ये शरीरातलं खारट पाणी, म्हणजे बॅटरीच की! आठ दिवसांत पट्टीचा चुरा झाला आणि कातडीखाली वायू साठला. हाड जुळायला सहा-आठ आठवडे तरी लागतात.

पुढचं नाव वाचून आपण थबकतोच. १९६६ साली अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या आर. के. कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी पॉलिलॅक्टिक आम्ल हे लांब साखळीसारख्या रेणूंचं प्लास्टिक शरीरात वापरता येईल, असं दाखवलं. पाण्याने त्याची साखळी तुटत जाते आणि उरतं लॅक्टिक आम्ल. धावताना आपल्या स्नायूंत तयार होतं तेच. १९७१ मध्ये याच पदार्थाच्या धाग्यांनी माकडांचे मोडलेले जबडे बांधून पाहिले गेले.

माणसांची पाळी १९८७ ची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनला बॉस आणि सहकाऱ्यांनी दहा जणांच्या गालाच्या मोडलेल्या हाडांवर अशा प्लेट आणि स्क्रू बसवले. जबड्यासारखा चावण्याचा ताण गालाच्या हाडावर येत नाही, त्यामुळे निवड शहाणपणाचीच. हाडं छान जुळली. मात्र सुमारे तीन वर्षांनी काही जण त्याच जागी सूज घेऊन परत आले. उघडून पाहिलं तर प्लेटचे कडक, स्फटिकासारखे कण अजून तिथेच! लांबॉतची पट्टी आठ दिवसांत संपली होती. ही वर्षानुवर्षं संपेना.

उपाय निघाला भेसळीचा. लॅक्टिक आम्लाच्या साखळीत ग्लायकॉलिक आम्ल मिसळलं की स्फटिक नीट जमत नाहीत आणि पाणी लवकर आत शिरतं. ८२ ला १८ या प्रमाणातलं लॅक्टोसॉर्ब नावाचं मिश्रण १९९६ मध्ये अमेरिकेत वापरात आलं. ते साधारण वर्षभरात विरघळतं.

डॉक्टरांच्या हातात मात्र ही प्लेट टायटॅनियमसारखी वागत नाही. आकार द्यायला ती आधी गरम करून मऊ करावी लागते, आणि गार झाली की वाकत नाही. बऱ्याच प्रकारांत हाडाला भोक पाडायचं, टॅप नावाच्या हत्याराने आटे पाडायचे, मगच स्क्रू. तोही जरा जास्त पिळला तर डोकं तुटतं. बॉस यांच्याच गटाने जबडा आणि चेहऱ्याच्या २३० रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले. विरघळणारी प्लेट ज्यांच्या वाट्याला आली होती, त्यांच्यापैकी २१ टक्के रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी ऐन शस्त्रक्रियेत ती बाजूला ठेवून टायटॅनियम घेतलं.