साडी कॅन्सर

साडी कॅन्सर म्हणजे परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ कमरेला वर्षानुवर्षं एकाच जागी आवळली गेली की तिथल्या कातडीला क्वचित होणारा कॅन्सर. बहुतेक वेळा तो स्क्वॅमस सेल कार्सिनोमा निघतो, म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा. आजार दुर्मिळ आहे हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर "साडी नेसल्याने कॅन्सर" एवढंच व्हॉट्सॲपवर फिरतं आणि घरोघरी घाबरगुंडी उडते.

नावाचा घोळ जुना आहे. पहिली नोंद साधारणपणे मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांच्या १९४५ च्या लेखाची धरतात, पण त्यात शब्द होता धोती कॅन्सर, म्हणजे सुरुवात पुरुषांच्या धोतरापासून झाली. पुढे धोतरं कमी झाली, साड्या राहिल्या, तसं नावही साडीकडे सरकलं असावं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्कर बायकांच्या केसेस छापल्या आणि नाव वापरलं पेटीकोट कॅन्सर. त्यांचं म्हणणं की दोष साडीचा नाही, आतल्या परकराच्या घट्ट नाडीचा आहे. मुद्दा बराचसा पटतो, फक्त त्यातलीच एक बाई परकर न घालता लुगडं नेसणारी होती, तेव्हा हे नावही पुरतं बसत नाही. खरं तर घट्ट बांधल्याने कातडीवर उठणाऱ्या वळाला आपल्याकडे करकोचा हा नेमका शब्द आहे, पण करकोचा कॅन्सर कोण म्हणणार! काश्मीरच्या कांगडी कॅन्सरचं (कांगडी म्हणजे थंडीत कपड्यांखाली अंगाशी धरायचं निखाऱ्यांचं मडकं) वर्णन याच्याही आधीचं, एल्म्स्ली नावाच्या मिशनरी डॉक्टरचं, १८६६ च्या सुमाराचं. काहीजण दोन्ही एकाच खात्यात टाकतात, पण तिथे कारण निखाऱ्याची धग आणि इथे दाब, घासणं, घाम, त्यामुळे वेगळं ठेवलेलंच बरं.

हे घडतं हळूहळू. आधी नाडीच्या रेषेत काळा पट्टा येतो, खाज सुटते, मग कातडी जाड खरखरीत होते, कधी मधेच पांढरट डाग पडतात. उन्हाळ्यात घाम आणि धूळ नाडीखाली साचते, खाजवून भेग पडते, भरत येते तोवर दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच नाडी तिथेच. अशा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत कॅन्सर झाला तर त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. नाव फ्रेंच सर्जन मार्जोलिनचं, १८२८ च्या लिखाणावरून, पण त्याने फक्त व्रणांचं वर्णन केलं, तो कॅन्सर आहे हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं असं बहुतेक अभ्यासक मानतात.

काळा पट्टा लाखो बायकांना असतो आणि तो कॅन्सर नसतो. काही आठवड्यांत न भरणारी जखम, कडा उचललेल्या किंवा कडक, हात लागला की रक्त, घाण वास, मांसासारखी वाढ, यातलं काही दिसलं तर मात्र नायटा समजून मेडिकलमधून ट्यूब आणून चोळत बसू नये, बायोप्सी करावी, छोटा तुकडा काढून तपासतात. सोबत जांघेतल्या गाठीही चाचपतात कारण तिकडे पसरू शकतो. उपचार म्हणजे मुख्यतः तेवढा भाग कापून काढणं, जागा मोठी असेल तर वर कातडी बसवणं.

सगळ्यांनीच दरवर्षी डॉक्टरकडून कातडी तपासून घ्यावी का, यावर एकमत नाही. अमेरिकेच्या प्रिव्हेंटिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने २०२३ मध्ये पुरावा अपुरा असल्याचं म्हटलं, अर्थात ते लक्षणं नसलेल्यांबद्दल. घरच्या घरी आंघोळीनंतर आरशात कंबर, विशेषतः गाठ येते ती बाजू, बघायला काही लागत नाही. म्हाताऱ्या बायकांना मागचं दिसत नाही आणि त्या दाखवायला लाजतात, तिथे लेकीसुनेने बघावं. नाडी सैल बांधावी, गाठीची जागा बदलत राहावी, अरुंद नाडीऐवजी रुंद पट्टा किंवा इलॅस्टिक लावावं, जखम असेल तर ती भरेपर्यंत गाऊन किंवा सैल कपडे घालावे.