पडद्यावर लागलेली सुई गाठीत लागली का?

‘सुई टोचली की गाठ चिडते आणि कॅन्सर पसरतो’ हे परळच्या रुग्णालयांच्या रांगांत आजही कानावर येतं. सुईच्या वाटेत काही पेशी सांडू शकतात, पण त्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटल्याचं आढळलेलं नाही. स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीत, म्हणजे सोनोग्राफीत पाहत सुईने तपासणीसाठी तुकडा काढताना, भीती असलीच तर नेम चुकण्याची असावी. शेजारच्या निरोगी भागाचा तुकडा निघाला, तर रिपोर्टमध्ये कॅन्सर दिसणार कुठून?

या नेमाचा सराव आधी जेलीवर करतात. एक लिटर पाण्यात साधारण 100 ग्रॅम जिलेटिन विरघळवून दोन चमचे इसबगोल घातला, की सोनोग्राफीत ते स्तनाच्या ऊतींसारखं करडं, दाणेदार दिसतं. ढवळायचं हळू, नाहीतर बुडबुडे राहून चित्रात पट्टे उमटतात. अर्धा थर जरा आवळला की गाठी म्हणून रात्रभर भिजवलेले हिरवे वाटाणे ठेवून वरून कोमट थर ओतायचा. पहिला थर पुरता गोठला, तर सांध्याची पांढरी रेघ दिसते. मुंबईच्या मे महिन्यात जिलेटिन लवकर ढिलं पडतं आणि वाटाणा सुईपुढे सरकतो. अगर, म्हणजे आपला चायना ग्रास, उकाड्यात टिकतो; पण सुईने चिरतो आणि चिरेत हवा शिरते.

बायोप्सी गनची 14 गेजची सुई सुमारे 2.1 मिमी जाड असते. बटण दाबताच आतली खाचेची सळई साधारण 22 मिमी झेपावते, पाठोपाठ बाहेरची धारदार नळी खाचेतला तुकडा कापते. म्हणून टोक गाठीच्या अलीकडच्या कडेला टेकवायचं, तिथून पुढे तेवढी जागा मोकळी आहे का ते मोजायचं आणि सुई छातीच्या भिंतीला समांतर ठेवायची. तिरकी गेली तर फुप्फुसाला धोका.

खरी फसगत पुढेच आहे. सोनोग्राफी कागदासारखा पातळ काप दाखवते असं वाटतं. प्रत्यक्षात ध्वनीच्या झोताला काही मिलिमीटर जाडी असते आणि त्या जाडीत येणारं सगळं पडद्यावर एकाच प्रतलात चपटं होऊन बसतं. त्यामुळे वाटाण्याला बाजूने घासून गेलेली सुईही त्याच्या पोटात शिरलेली दिसते. झोत जिथे सर्वांत बारीक असतो, तिथून दूर ही जाडी वाढते, म्हणून खोलवरच्या छोट्या गाठी जास्त फसवतात. उपाय सोपा आहे: सुई तशीच धरून प्रोब (त्वचेवर टेकवायचा सोनोग्राफीचा भाग) 90 अंशांत फिरवायचा. आता सुई रेघेऐवजी ठिपका दिसते. तो ठिपका गाठीच्या आत हवा.

सरावाच्या वहीत दोन रकाने ठेवावेत: पडद्यावर लागली का, आणि खाचेत हिरवं आलं का. दोन्हींत फरक पडला, की प्रोब न फिरवता मारलेले नेम आधी तपासावेत.

रुग्णाच्या गाठीला असा हिरवा रंग नसतो. तिथे पॅथॉलॉजीचा रिपोर्ट चित्राशी ताडून पाहतात. चित्रात गाठ ठळक संशयास्पद आणि रिपोर्ट मात्र निर्दोष असेल, तर बायोप्सी पुन्हा करावी लागते किंवा गाठ काढून तपासावी लागते.